ब्राझीलच्या मुली आणि ‘फितरत’ नावाचं कलम

ब्राझील म्हटलं की आपल्या मोहल्ल्यातल्या पोरांना पिवळा टी-शर्ट आठवतो. पेले, रोनाल्डो, नेमार ही नावं त्यांना पाढ्यांपेक्षा जास्त पाठ असतात. त्याच देशात बायकांनी फुटबॉल खेळायला अडतीस वर्षं कायद्याने बंदी होती, हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं.

१४ एप्रिल १९४१. गेतूलियो व्हार्गास यांच्या हुकूमशाहीचा काळ. त्या दिवशी निघालेल्या ३१९९ क्रमांकाच्या हुकमाचं ५४ वं कलम सांगतं, की स्त्रियांच्या प्रकृतीशी न जुळणारे खेळ त्यांना खेळू दिले जाणार नाहीत. गंमत म्हणजे त्यात फुटबॉलचं नाव नाही. कोणते खेळ ‘न जुळणारे’ ते ठरवायचं काम सरकारच्या क्रीडा परिषदेवर सोडलं होतं. नावानिशी यादी आली ती १९६५ मध्ये, लष्कराने सत्ता बळकावल्यानंतरच्या वर्षी. कुस्ती-मारामारीचे सगळे प्रकार, फुटबॉल, इनडोअर फुटबॉल, वाळूवरचा फुटबॉल, वॉटर पोलो, रग्बी, वजन उचलणं, सगळं बंद.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, म्हणून माझी नजर त्या कलमातल्या ‘प्रकृती’ या शब्दावर अडकली. त्याला आपला शब्द आहे ‘फितरत’. आणि तो आपण कशाकशासाठी वापरतो हे मी वेगळं सांगायला नको. ‘लडकियों की फितरत में नहीं है’ असं म्हटलं की चर्चा संपते. फरक एवढाच, की आपल्याकडे हे वाक्य दीनचा आधार घेऊन येतं आणि ब्राझीलमध्ये ते विज्ञानाचा आधार घेऊन आलं. तिथला युक्तिवाद असा, की चेंडूच्या मागे धावल्याने बाईच्या गर्भाशयाला इजा होईल आणि देशाला सुदृढ आया मिळणार नाहीत. आणि हे एकट्या ब्राझीलचं नव्हतं. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने १९२१ मध्ये आपल्या मैदानांवर बायकांचे सामने बंद केले, ते जवळपास अर्धशतक. पश्चिम जर्मनीच्या संघटनेने १९५५ ते १९७० असंच केलं. ‘तुमच्यात मुलींना खेळू देतात का हो?’ असं विचारणाऱ्यांना मी ही तीन नावं आवर्जून सांगते. पण तेवढ्यावर आपलीही सुटका होत नाही, हेही खरं.

बंदी असली तरी खेळ पुरता थांबला नाही. १९५८ च्या अखेरीस मीनास जेराइस राज्यातल्या आरागुआरी गावात एका शाळेला पैशांची चणचण होती. मदतनिधीसाठी गावातल्या मुलींचा सामना ठेवला गेला. तो लोकांना इतका आवडला की आसपासच्या शहरांतून बोलावणी येऊ लागली. मग क्रीडा परिषदेला कायदा आठवला आणि १९५९ मध्ये तो संघ बंद पडला.

बंदी १९७९ मध्ये उठली. क्लब आणि स्पर्धांचे नियम व्हायला १९८३ उजाडलं. तोवर एक पिढी लपूनछपून वाढली होती. बाहिया राज्यात १९६७ मध्ये जन्मलेली सिसी लहानपणी चेंडू नव्हता म्हणून बाहुल्यांची डोकी उपटून त्यांनीच खेळायची. घरच्यांनी बाहुली दिली होती ती मुलीच्या ‘फितरती’ला साजेशी म्हणूनच ना!

राष्ट्रीय संघ पहिल्यांदा १९८६ मध्ये उतरला. १९८८ मध्ये फिफाने चीनमध्ये चाचणी म्हणून भरवलेल्या स्पर्धेला तो गेला तेव्हा खेळाडूंच्या अंगावर पुरुष संघाचे उरलेले, ढगळे कपडे होते. त्या कपड्यांत त्या तिसऱ्या आल्या. १९९९ च्या विश्वचषकातही तिसऱ्या. तिथे सिसीने सात गोल केले आणि सर्वाधिक गोलांचा मान चीनच्या सुन वेनसोबत वाटून घेतला.

दक्षिण अमेरिकेत या संघाला जोड नाही. १९९१ पासून झालेल्या दहा खंडीय स्पर्धांपैकी नऊ त्यांनी जिंकल्या, फक्त २००६ ची अर्जेंटिनाने नेली. जगाच्या पातळीवर मात्र अंतिम सामना म्हटला की घात ठरलेला. २००७ च्या विश्वचषकात उपांत्य फेरीत अमेरिकेला ४-० असं लोळवलं आणि अंतिम सामन्यात जर्मनीकडून ०-२ हरल्या. त्यात मार्ताची पेनल्टी अडवली गेली. ऑलिंपिकमध्ये २००४, २००८ आणि २०२४ अशी तीन रौप्यपदकं, तिन्ही वेळा समोर अमेरिका. विश्वचषकात सतरा गोल करणाऱ्या मार्ताकडे विश्वचषक नाही. लोक याला नशीब म्हणतात. मला ते पटत नाही. अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने शाळा-कॉलेजांत मुलींच्या खेळाला बरोबरीचा हक्क मिळाला होता, तेव्हा ब्राझीलच्या मुलींना बंदी उठायला अजून सात वर्षं होती. हा हिशेब पेनल्टीवर मिटत नाही.

डोक्यावरच्या रुमालाची गोष्ट इथेच सांगायला हवी. बायकांचा विश्वचषक भरवणाऱ्या फिफानेच पुढे हिजाब घालून खेळायला मनाई केली आणि २०११ मध्ये इराणच्या मुलींना ऑलिंपिक पात्रतेचा सामना खेळू दिला नाही. २०१४ मध्ये तो नियम गेला. २०२३ च्या विश्वचषकात मोरोक्कोची नुहैला बेंझिना हिजाबसह मैदानात उतरली. एकीकडे ‘खेळू नको’, दुसरीकडे ‘अशी खेळू नको’.

ब्राझीलच्या या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जवळची वाटते ती फोर्मिगा. नावाचा अर्थ मुंगी. जन्म साल्व्हादोरचा, मार्च १९७८ चा, म्हणजे ती जन्मली तेव्हा तिचा खेळ बेकायदा होता. ती सात विश्वचषक आणि सात ऑलिंपिक खेळली. २०१९ च्या विश्वचषकात ती एक्केचाळीस वर्षांची होती.

तिचा देशासाठीचा शेवटचा सामना २५ नोव्हेंबर २०२१ रोजी मानाउसला झाला आणि समोर होता आपला भारत. ब्राझीलने पहिल्याच मिनिटाला गोल केला. आठव्या मिनिटाला पंजाबच्या मनीषा कल्याणने एकटीने धावत जाऊन बरोबरी केली. पुढे आपण १-६ असे हरलो. शेवटच्या पंधरा-एक मिनिटांसाठी फोर्मिगा मैदानात आली, खेळली आणि निवृत्त झाली. २०२७ चा विश्वचषक ब्राझीलमध्येच आहे.