मजल्यातील विद्युत् तारमार्ग
इमारतीच्या दोन मजल्यांमधील कड्यांतून विद्युत् केबली नेण्याची व त्यांना आधार देण्याची व्यवस्था. लाकडी घरांत मजल्याच्या फळ्या समांतर कड्यांवर तोललेल्या असतात आणि तारा अनेकदा या कड्यांना ओलांडून न्याव्या लागतात. त्यामुळे कडीचे बळ व तारेची सुरक्षितता यांचा मेळ घालणे हाच या तंत्राच्या इतिहासातील मुख्य प्रश्न होय.

अमेरिकेत सु. १८८० नंतर चिनी मातीच्या खुंट्या व नळ्या यांची पद्धत रूढ झाली. कडीला छिद्र पाडून त्यात नळी बसवीत व तीतून एकेक तार ओवीत. कडीला समांतर जाणारी तार खुंट्यांवर ताणून धरीत. १९२० नंतर दोन्ही संवाहक एकाच अधातवी आवरणात असलेली केबल प्रचारात आली व नळ्या हळूहळू मागे पडल्या.

कडी वाकते तेव्हा वरच्या कडेवर दाब व खालच्या कडेवर ताण सर्वाधिक असतो; मध्यावर हे दोन्ही जवळजवळ नाहीसे होतात. म्हणून छिद्र उंचीच्या मध्यावर घेतात. ब्रिटिश प्रघातानुसार त्याचा व्यास कडीच्या उंचीच्या एक-चतुर्थांशाहून अधिक नसतो. फळीत ठोकलेला खिळा लागू नये म्हणून असंरक्षित केबल कडीच्या वरच्या व खालच्या पृष्ठभागांपासून किमान ५० मिमी. दूर ठेवतात.

अमेरिकेत १९५० च्या दशकात दातेरी पोलादी पत्र्यांनी लाकडी सांधे जोडण्याची पद्धत आली. याच तत्त्वावर पुढे वर व खाली लाकडी पट्ट्या आणि मध्ये व्ही आकाराचे जस्तलेपित पोलादी दुवे असलेली जाळीदार कडी तयार झाली. तिच्यातून केबली व नळ छिद्र न पाडता नेता येतात. तिच्या लाकडी पट्ट्यांना खाच पाडणे तर वर्ज्यच असते. मात्र छिद्राबरोबर त्यातून मिळणारा आधारही गेला. सैल केबल पोलादाच्या कडेवर घासून तिचे निरोधन कापले जाण्याचा किंवा तिचा भार खालच्या छतावर पडण्याचा संभव असतो. यासाठी जाळीतून आडवी लाकडी पट्टी किंवा केबल ट्रे बसवून केबली त्यावर बांधतात.

आधाराचे महत्त्व ब्रिटनमधील दोन दुर्घटनांनी अधोरेखित केले. स्टीव्हनिज (२००५) व साउथॅम्प्टन (२०१०) येथील उंच निवासी इमारतींच्या आगींत प्रत्येकी दोन अग्निशामक मृत्युमुखी पडले. प्लॅस्टिकचे आधार वितळल्याने लोंबलेल्या केबली तेथे अडसर ठरल्या होत्या. आगीत केबली अकाली कोसळू नयेत अशा आधाराचा नियम २०१५ मध्ये सुटकेच्या मार्गांपुरता करण्यात आला व २०१८ च्या आवृत्तीत तो सर्व जागांना लागू झाला.