मॉरिशसच्या अभ्यासाकडे : प्रस्तावना

एप्रिल २०२२ मध्ये मॉरिशसचे तत्कालीन पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ काशीला आले आणि दशाश्वमेध घाटावर त्यांनी वडिलांच्या अस्थींचे विसर्जन केले. वडील अनिरुद्ध जगन्नाथ हे त्या देशाचे पंतप्रधान आणि पुढे राष्ट्रपतीही होते. त्यांचे पूर्वज काशीपासून फार दूर नसलेल्या बलियाकडचे. हा घाट नानासाहेब पेशव्यांनी बांधवला आणि १७७४ च्या सुमारास अहल्याबाई होळकरांनी त्याची पुन्हा बांधणी केली, हे मराठी वाचक जाणतोच. एका बेटावरच्या राज्यकर्त्याला पिढ्या उलटल्यावरही या पायऱ्यांपर्यंत का यावेसे वाटते, हे समजून घ्यायचे तर त्या बेटाची जमीन, तिथली माणसे आणि त्यांचे पोट यांचा एकत्रच विचार करावा लागतो.

मॉरिशसचे एकूण क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर, आजच्या ठाणे जिल्ह्याच्या जेमतेम निम्मे. लोकसंख्या साधारण साडेबारा लाख. सर्वांत उंच शिखर ८२८ मीटरचे. बेट ज्वालामुखीतून वर आले, भोवती प्रवाळाची भिंत आहे. भूशास्त्रज्ञांच्या मते सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्तस्थानातून दख्खनचा काळा पाषाण बाहेर पडला, त्याच तप्तस्थानाने फार पुढे, ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी, मॉरिशस घडवले. म्हणजे सह्याद्रीचा आणि या बेटाचा दगड एकाच कुळातला. आणखी एक नाते दरवर्षी आपल्या दारात येते. मॉरिशसच्या परिसरात, दक्षिण हिंदी महासागरावर, हवेच्या जास्त दाबाचा पट्टा तयार होतो. तिथून निघालेले वारे विषुववृत्त ओलांडून कोकणावर पाऊस घेऊन येतात. हवामान खात्याचे लोक मान्सूनचा अंदाज बांधताना त्या पट्ट्यावर नजर ठेवतात.

या बेटावर मूळचा रहिवासी कोणीच नव्हता. डच १५९८ मध्ये उतरले, जावाहून ऊस आणला, डोडो पक्षी त्यांच्याच काळात नामशेष झाला. १७१० मध्ये ते निघून गेले. मग फ्रेंच आले आणि आफ्रिका-मादागास्करमधून गुलाम आणले गेले. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले, १८३५ मध्ये गुलामगिरी संपली आणि उसाच्या मळ्यांना हात हवे झाले. ती संपण्याच्या बेतात असतानाच, नोव्हेंबर १८३४ मध्ये, ‘ॲटलास’ जहाजातून ३६ भारतीय मजूर पोर्ट लुईला उतरले. १९२० पर्यंत साडेचार लाखांच्या आसपास लोक करारावर आले, बरेचसे भोजपुरी मुलखातून. ते जिथे उतरत तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा आहे.

उसाच्या शेतांमध्ये आजही काळ्या दगडांचे मोठाले ढीग दिसतात. जमीन नांगरटीला यावी म्हणून मजुरांनी हातांनी वेचून रचलेले. काही ढीग तर नीट उतरत्या थरांचे, मनोऱ्यासारखे. भूगोल, माणूस आणि अर्थव्यवस्था एका ठिकाणी पाहायची असेल, तर मी विद्यार्थ्याला आधी हा ढीग दाखवीन. दगड ज्वालामुखीचा, वेचणारा परमुलखातला आणि त्यातून उगवलेली साखर युरोपच्या बाजारातली.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी पुढची कहाणी फार मोलाची आहे. १९६१ च्या सुमारास अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांनी या बेटाच्या भवितव्याबद्दल निराशा व्यक्त केली होती : एकच पीक, वाढती लोकसंख्या, वर वादळे. मीड पुढे नोबेल विजेते ठरले, पण मॉरिशसने त्यांचा अंदाज खोटा ठरवला. १२ मार्च १९६८ ला स्वातंत्र्य मिळाले, १९७० मध्ये निर्यात क्षेत्राचा कायदा झाला, युरोपने साखरेला हमीभाव दिला, त्या पैशातून कापड गिरण्या उभ्या राहिल्या आणि हजारो बायका कामाला लागल्या. मग पर्यटन, मग वित्तसेवा. भारताशी झालेल्या करकरारामुळे आपल्याकडे येणारे परकी भांडवल वर्षानुवर्षे पोर्ट लुईवरून वळून येत राहिले; २०१६ च्या दुरुस्तीने ती वाट अरुंद केली. या यशाला मी चमत्कार म्हणणार नाही. त्यामागे शिक्षणावरचा खर्च, निवडणुका आणि वेगवेगळ्या समाजांची तडजोड आहे. आणि हा पायाही नाजूकच आहे. २०२० मध्ये ‘वाकाशिओ’ जहाज प्रवाळावर चढून तेल सांडले, तेव्हा मच्छीमार आणि पर्यटन या दोघांनाही झळ बसली.

करारावर गेलेल्या त्या मजुरांमधली मराठी माणसे मुंबई बंदरातून गेली. संख्येने थोडी, पण टिकून राहिलेली. गणेश चतुर्थीची तिथे सार्वजनिक सुट्टी असते, कोकणातली जाखडी आजही नाचली जाते, शाळांत मराठी शिकवली जाते. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत करारबद्ध मजुरांची दप्तरे जपलेली आहेत. त्यात नावे, वये, गावे आहेत, पुढच्या काळातली छायाचित्रेही आहेत. कारकुनांनी कानाला ऐकू आले तसे रोमन अक्षरांत लिहिल्यामुळे आपली कित्येक गावे त्यात ओळखू येत नाहीत. ती ओळखायला कोकणातल्या वाड्या आणि घाटावरची आडनावे ठाऊक असलेला माणूस हवा. इतिहास आणि भूगोलाच्या मराठी विद्यार्थ्यांनी हे काम हाती घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.