२८ दिवस, आणि न मिळालेला कंट्रोल ग्रुप

तिसऱ्या आठवड्यात गर्भाच्या पाठीवर पेशींची एक चपटी पट्टी तयार होते. तिच्या कडा वर उचलल्या जातात, एकमेकींना जुळतात आणि नळी बनते. हीच पुढे मेंदू आणि मज्जारज्जू. साधारण २८व्या दिवसापर्यंत नळीची दोन्ही टोकं मिटायला हवीत. नाही मिटली तर स्पायना बिफिडा किंवा त्याहून वाईट. गंमत नव्हे, पंचाईत अशी की तोवर कित्येकींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं.

फॉलिक ॲसिडची गोष्ट सुरू होते मुंबईत. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स गरोदर बायकांच्या रक्तक्षयावर काम करायला इथे आल्या. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे त्यांनी दाखवलं. त्यातला घटक पुढे फोलेट ठरला. नळीचा विषय तेव्हा कुठेच नव्हता!

१९८० मध्ये स्मिथेल्स यांनी सांगितलं, गर्भधारणेआधीपासून जीवनसत्त्वं घेतली तर हे दोष घटतात. त्यांना खरं तर प्लासिबोची चाचणी हवी होती; नैतिकता समित्यांनी नकार दिला. मग तुलना कोणाशी? आधीच गरोदर असलेल्या किंवा गोळ्या नाकारलेल्या बायकांशी. तुम्ही रिव्ह्यूअर असतात तर काय लिहिलं असतंत? लोकांनी तेच लिहिलं: गट मुळातच वेगळे.

उत्तर आलं १९९१ मध्ये. ७ देश, ३३ केंद्रं, आधी असा गर्भ राहिलेल्या १८१७ स्त्रिया. निम्म्यांना फॉलिक ॲसिड, निम्म्यांना नाही. फरक इतका स्पष्ट दिसला की चाचणी मुदतीआधीच थांबवली. दोष असलेले गर्भ २७. फॉलिक ॲसिड घेणाऱ्यांत ६, न घेणाऱ्यांत २१.