दोन शब्दांची एकोणतीस वर्षे

आणीबाणीचा विषय निघाला की चर्चा दोनच वाटांनी जाते. काहींच्या मते २५ जून १९७५ ची रात्र ही निव्वळ एका व्यक्तीच्या सत्तालोभाची करणी. इतर म्हणतात, घटनेतच तशी सोय होती, तेव्हा दोष घटनाकारांचा. दोन्हींत तथ्य आहे, पण दोन्हींमुळे मधला इतिहास झाकला जातो. तो इतिहास दोन शब्दांचा आहे : 'अंतर्गत अशांतता'.

घटनेच्या मूळ मसुद्यातील २७५ व्या कलमात हे शब्द नव्हते. तिथे 'युद्ध किंवा देशांतर्गत हिंसाचार' असे होते. ऑगस्ट १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मांडलेल्या दुरुस्तीने 'युद्ध, परकीय आक्रमण किंवा अंतर्गत अशांतता' ही शब्दयोजना आली. हिंसाचार डोळ्यांना दिसतो. अशांतता ठरवायची ती पाहणाऱ्याने. मग संपही अशांतता, मोर्चाही अशांतता.

मध्य प्रांत-वऱ्हाडातून निवडून आलेले ह. वि. कामत यांनी या तरतुदींवर कडाडून टीका केली. आय.सी.एस.ची नोकरी सोडून सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकमध्ये गेलेला हा माणूस. त्यांनी सभागृहाला जर्मनीच्या वायमार घटनेची आठवण दिली. तिच्या ४८ व्या कलमाखालीच २८ फेब्रुवारी १९३३ रोजी हिंडेनबुर्गच्या सहीने जर्मन नागरिकांचे मूलभूत हक्क गेले होते. हक्कांसाठी न्यायालयात जाण्याचा अधिकार स्थगित करणारे कलम संमत झाले, त्या दिवसाला कामतांनी शरमेचा आणि दुःखाचा दिवस म्हटले. घटना समितीच्या चर्चांचे खंड वाचताना मी या पानांशी पुन्हा पुन्हा थांबलो आहे.

पण म्हणून अल्लादी कृष्णस्वामी अय्यरांसारखे समर्थक हुकूमशाहीचे चाहते ठरत नाहीत. फाळणीची कत्तल ताजी होती, काश्मीरची लढाई नुकती थांबली होती, तेलंगणात सशस्त्र लढा चालू होता. देश टिकेल की नाही ही त्यांची भीती खरी होती. अधिकार कोणाच्या हाती पडेल, याची भीती मात्र त्यांना पुरेशी वाटली नाही, एवढेच म्हणता येईल.

१९७५ मध्ये काय झाले ते बारकाईने पाहावे. डिसेंबर १९७१ च्या युद्धाची आणीबाणी तेव्हा उठलेलीच नव्हती. तिच्यावर दुसरी चढवली गेली, ती याच दोन शब्दांच्या आधारे. राष्ट्रपतींची सही रात्री झाली, मंत्रिमंडळाला कळले सकाळी. कामत तुरुंगात गेले.

शब्द सैल होते. तरी सगळ्यांनी सरकारला हवे तसेच वाचले असे नाही. मीनू मसानींच्या 'फ्रीडम फर्स्ट' या मुंबईच्या मासिकाचा मजकूर सेन्सॉरने अडवला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. मादन आणि न्या. कनिया यांनी फेब्रुवारी १९७६ मध्ये सेन्सॉरला बजावले की सरकारवर टीका म्हणजे सुव्यवस्थेला धोका नव्हे. स्थानबद्धांचे अर्ज ऐकता येतात, असे अनेक उच्च न्यायालयांनी म्हटले. एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते चार विरुद्ध एक असे उलटवले. बहुमतात आपले यशवंतराव चंद्रचूड होते, एकटे न्या. हंसराज खन्ना वेगळे राहिले. घटना सर्वांपुढे एकच होती.

१९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने 'अंतर्गत अशांतता' जाऊन 'सशस्त्र बंड' आले. मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय आवश्यक झाला आणि जीविताचा हक्क स्थगितीबाहेर गेला. हे श्रेय एकट्या जनता पक्षाचे नाही. राज्यसभेत त्याचे बहुमत नव्हते. तिथे काँग्रेसच्या सदस्यांनी काही कलमे गाळली, पण या बदलांना मते दिली. आणीबाणीच्या वार्षिक स्मरणात ही गोष्ट दोन्ही बाजूंना अडचणीची, म्हणून ती सहसा कोणी सांगत नाही.

कामत १९७७ मध्ये होशंगाबादहून पुन्हा लोकसभेत आले होते. ३५२ व्या कलमातून ते दोन शब्द गेले. अवघ्या तीन कलमांपुढे, राज्यांच्या संरक्षणाचे केंद्राचे कर्तव्य सांगणाऱ्या ३५५ मध्ये, ते आजही आहेत.