दर्या आणि दऱ्या : एका अर्ध्या ‘र’चा संगणकातील प्रवास

‘आचार्यास बोलवा’ आणि ‘आचाऱ्यास बोलवा’ या दोन वाक्यांत अक्षरांचा फरक अगदी थोडा. पण पहिल्याने गुरुजी येतील, दुसऱ्याने स्वयंपाकी. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, तर ‘दऱ्या’ डोंगरांतल्या. उच्चारातील भेद सूक्ष्म असला तरी पक्का आहे. ‘दर्या’ म्हणताना ‘द’वर आघात येतो, ‘दऱ्या’ म्हणताना येत नाही. हा निराघात ‘र’ पापणीच्या केसासारख्या आडव्या रेघेने लिहिला जातो. वऱ्हाड, कऱ्हाड, कुऱ्हाड, बिऱ्हाड, तऱ्हा हे शब्द त्याच्यावाचून लिहिताच येत नाहीत. नेपाळी व नेवारी लेखनातही तो आढळतो. हिंदी व संस्कृत लेखनाला मात्र त्याची गरज भासत नाही.

संगणकाला अक्षराचे रूप कळत नाही, केवळ क्रमांक कळतो. आरंभीच्या काळात प्रत्येक टंकाचे क्रमांक निराळे असत. एका टंकात लिहिलेला मजकूर दुसऱ्यात उघडला की त्याची अगम्य चिन्हे होत. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही समान संकेतप्रणाली तयार झाली आणि १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने तिला मानकाचे स्थान दिले. त्याच वर्षी जगातील सर्व लिप्यांना एका सूत्रात आणू पाहणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी ‘इस्की’च्या १९८८ च्या आराखड्यावर आधारलेली होती.

या मांडणीत ‘र’ला ०९३० आणि त्याच्या शेजारच्या ‘ऱ’ला ०९३१ हा क्रमांक मिळाला. ‘ऱ’ची योजना मुख्यतः द्राविडी भाषांतील एक ध्वनी देवनागरीत लिहिण्यासाठी होती, त्याचेच अर्धे रूप मराठीच्या कामी आले. आज ‘दऱ्या’ लिहिताना संगणक द, ऱ, हलन्त, य आणि काना असे पाच क्रमांक साठवतो. त्यांवरून पापणीचा आकार काढणे हे टंकाचे काम.

तथापि १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीतील रीत वेगळी होती. तीत साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे ‘शून्य रुंदीचा सांधक’ हे अदृश्य चिन्ह योजले जाई. पुढे ‘ऱ’ची रीत मुख्य ठरली, परंतु जुने लेखन वाचता यावे म्हणून पहिलीही कायम राहिली. परिणामी डोळ्यांना एकच दिसणारा शब्द संगणकाच्या लेखी दोन भिन्न शब्द ठरतो. माजी विद्यार्थ्यांच्या यादीत एका रीतीने टंकलेले ‘गोऱ्हे’ हे आडनाव दुसऱ्या रीतीने शोधले, तर ते सापडेलच असे नाही. मजकूर इकडून तिकडे नेताना ते अदृश्य चिन्ह गळाले, तर पापणी जाऊन रफार उमटतो, आणि दऱ्यांचा दर्या होतो.

जी खूण बहुसंख्यांच्या लेखनाला लागत नाही, तिची चूक बहुसंख्यांच्या डोळ्यांना खुपतही नाही. ती मराठी वाचणाऱ्यालाच खुपते. ‘इन्स्क्रिप्ट’ कळफलकावर ‘र’च्याच कळीवर शिफ्टसह ‘ऱ’ मिळतो; त्यापुढे हलन्त दिला की काम झाले. भोवतालचा व्यवहार अन्य भाषेत चालणाऱ्या गावी मराठी शाळेने शिकवायचे ते हेच : आचार्य आणि आचारी यांतला भेद कानाने ओळखणे आणि हाताने अचूक लिहिणे, मग हातात बोरू असो वा कळफलक.