बॅकअप संग्रहाचे विभाजन (कमांड लाइन)

बॅकअप संग्रहाचे विभाजन म्हणजे एका मोठ्या संग्रह-फाइलचे ठरावीक आकाराचे तुकडे करून ते स्वतंत्र फाइलींच्या रूपात साठवणे, आणि गरज पडेल तेव्हा ते क्रमाने जोडून मूळ फाइल जशीच्या तशी परत मिळवणे. युनिक्स व लिनक्स प्रणालींत हे काम मुख्यतः 'स्प्लिट' आणि 'कॅट' या दोन आज्ञांनी केले जाते. विभाजनात मजकुरावर कोणतीही प्रक्रिया होत नाही. पोथीची पाने सुटी करावीत तशी बाइटांची सलग मालिका केवळ कापली जाते. (या लेखातील आज्ञा उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत, संगणकावर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकाव्या लागतात.)

पार्श्वभूमी

स्प्लिट ही आज्ञा युनिक्सच्या १९७३ मधील तिसऱ्या आवृत्तीत आली. अनेक फाइलींची एक फाइल करणारी 'टार' ही आज्ञा १९७९ च्या सातव्या आवृत्तीतील आहे. 'टेप आर्काइव्ह' या शब्दांवरून तिचे नाव पडले. १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीच्या काळात मोठी फाइल नेण्यासाठी तिचे तुकडे करण्यावाचून गत्यंतर नव्हते. फ्लॉपी गेली, पण मर्यादा गेली नाही. पेनड्राइव्हवर आणि ३२ गिगाबाइटपर्यंतच्या एसडीएचसी कार्डांवर सर्रास आढळणाऱ्या फॅट३२ या रचनेत एक फाइल जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९५ बाइटांची, म्हणजे चार गिगाबाइटला एक बाइट कमी, इतकीच असू शकते. त्याहून मोठी फाइल, ड्राइव्हवर कितीही जागा मोकळी असली तरी, उतरत नाही.

वनक्षेत्रातील संदर्भ

चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा हे १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य घोषित झाले आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. आज देशातील व्याघ्रगणना पाऊलखुणांपेक्षा कॅमेरा ट्रॅपच्या छायाचित्रांवर अधिक अवलंबून आहे. वाघाच्या डाव्या व उजव्या अंगावरील पट्टे वेगवेगळे असल्याने एका ठिकाणी समोरासमोर दोन कॅमेरे लावतात. त्यामुळे छायाचित्रांची संख्या अफाट वाढते. २०१८ च्या राष्ट्रीय गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले आणि ३,४८,५८,६२३ छायाचित्रे जमली. त्यांपैकी वाघांची केवळ ७६,६५१ होती.

अशी छायाचित्रे पुन्हा काढता येत नाहीत. ठरावीक तारखेला ठरावीक पाणवठ्यावर दिसलेल्या वाघाची नोंद हरवली, तर ती कायमचीच हरवली. त्यातच गडचिरोलीच्या भामरागड, एटापल्ली, सिरोंचा या तालुक्यांच्या दुर्गम भागांत नेटवर्क क्षीण असते, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा रस्तासंपर्क अनेकदा तुटत आला आहे. अशा प्रदेशात मोठा संग्रह ड्राइव्हवरून हाती पाठवायचा असो वा जाळ्यावरून, तुकड्यांचा उपयोग होतो. प्रेषण मध्येच तुटले तर सबंध संग्रहाऐवजी एकच तुकडा पुन्हा पाठवावा लागतो.

कार्यपद्धती

'स्प्लिट -बी ४०००एम -डी ताडोबा.टार ताडोबा.टार.' या आज्ञेत '-बी' तुकड्याचा आकार सांगते, '-डी' तुकड्यांना ००, ०१, ०२ असे अंक देते, आणि शेवटचा शब्द तुकड्यांच्या नावाचा आरंभ ठरवतो. '-डी' दिले नाही तर एए, एबी, एसी अशी अक्षरे लागतात. ६० गिगाबाइटच्या (१०२४ च्या मापाने) संग्रहाचे असे सोळा तुकडे होतात; शेवटचा १४४० मेगाबाइटचा असतो. येथे '४जी' लिहिण्याचा मोह टाळावा, कारण तो आकार फॅट३२ च्या मर्यादेपेक्षा नेमका एका बाइटने मोठा आहे. आकार न सांगितल्यास स्प्लिट दर १००० ओळींनी फाइल कापते. मजकुराच्या फाइलींसाठी ते ठीक, संग्रहासाठी निरुपयोगी.

मूळ संग्रह आणि तुकडे दोन्ही ठेवण्याइतकी जागा नसेल, तर टारचे फलित थेट स्प्लिटला जोडता येते: 'टार -सीएफ - छायाचित्रे | स्प्लिट -बी ४०००एम -डी - ताडोबा.टार.'. एकटी आडवी रेघ म्हणजे फाइलऐवजी प्रवाह. जोडणी याच्या उलट: 'कॅट ताडोबा.टार.* | टार -एक्सएफ -'. तारकेच्या जागी शेल नावे वर्णक्रमाने भरते, म्हणून तुकड्यांची नावे हाताने बदलू नयेत. जीएनयू स्प्लिटमध्ये दोन अंक पुरेनासे झाले तर ८९ नंतर एकदम ९००० येते. हे चमत्कारिक दिसले तरी वर्णक्रम टिकवण्यासाठीच केलेले आहे.

पडताळणी

तुकडे करताच 'शा२५६सम' या आज्ञेने प्रत्येकाची पडताळणी-संख्या काढून ठेवावी आणि तुकडे पोहोचल्यावर 'शा२५६सम -सी' ने ती ताडून पाहावी. कोणता तुकडा बिघडला हे त्यातून नेमके कळते. या यादीचे नाव मात्र 'ताडोबा.टार.' ने सुरू होऊ नये. तसे असल्यास तारका तिलाही तुकडा समजून संग्रहाला जोडते. मूळ फाइल पुसण्यापूर्वी एकदा जोडणी करून पाहणे हा अनेकांना कंटाळवाणा वाटणारा, पण सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे.

मर्यादा

विभाजन म्हणजे सुरक्षितता नव्हे. उलट सोळांपैकी एक तुकडा हरवला तरी संग्रह अपुरा होतो. जीझिपने दाबलेल्या संग्रहात हरवलेल्या तुकड्यापुढील मजकूर सहसा वाचताच येत नाही. न दाबलेल्या टारमध्ये पुढील फाइलींचे शीर्षक-खंड शोधून काही भाग वाचवता येतो. कॅमेरा ट्रॅपची छायाचित्रे जेपेग स्वरूपात आधीच दाबलेली असल्याने त्यांना जीझिप लावून जागा जवळजवळ वाचत नाही, जोखीम मात्र वाढते. पार२ सारखी साधने जादा दुरुस्ती-फाइली तयार करतात. त्या पुरेशा असतील तर हरवलेला तुकडा पुन्हा उभा करता येतो.

शक्य असेल तेथे बाइटांनी कापण्यापेक्षा कॅमेऱ्याच्या ठिकाणानुसार वा महिन्यानुसार स्वतंत्र टार करणे अधिक शहाणपणाचे ठरते, कारण मग प्रत्येक फाइल आपल्यापुरती पूर्ण असते. विंडोजमध्ये स्प्लिट मुळात नसते, तेथे सेव्हन-झिप.००१, .००२ अशा नावांचे खंड करते, तर स्प्लिटने केलेले तुकडे 'कॉपी /बी' ने जोडता येतात. २००६ मध्ये आलेल्या एक्सफॅट रचनेत चार गिगाबाइटची अट नाही, आणि लिनक्स कर्नलमध्ये २०१९ पासून तिचा अंतर्भाव झाल्याने नव्या ड्राइव्हसाठी विभाजनाची गरज कमी झाली आहे. जुनी कार्डे व पेनड्राइव्ह वापरात असेपर्यंत मात्र ती राहील.