नागपूरची मध्यरात्र

वेळ वाचवावा तर पैसा जातो, आणि पैसा वाचवावा तर यातायात वाढते, हा प्रवासाचा जुना न्याय. सन १९४९ मध्ये नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर या दोहोंची एक चतुर तडजोड घडून आली.

त्या वर्षीच्या जानेवारीअखेर रात्रीच्या टपालविमानांची योजना सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार शहरांहून रात्री एकेक विमान निघे. मध्यरात्रीच्या सुमारास ती नागपुरास एकत्र येत. तेथे टपालाच्या थैल्यांची व उतारूंची अदलाबदल होई, आणि पहाटेच्या सुमारास प्रत्येक विमान आपल्या शहरी परते.

यातला हिशेब साधा होता. चार शहरे परस्परांस सरळ जोडावयाची तर सहा मार्ग लागतात. मध्यावर गाठ घातली की चारच पुरतात. शिवाय मुख्य भार टपालाचा असल्याने उतारूंस भाडेही दिवसाच्या विमानाहून कमी पडे.

मुंबईचा व्यापारी दिवसाचे काम आटोपून निघे व सकाळी कलकत्त्यास उतरे. आगगाडीच्या मानाने बराच काळ वाचे. परगावी मुक्कामाचा एक खर्चही टळे. मात्र ऐन मध्यरात्री, डोळे चोळीत, त्याला विमान बदलावे लागे.

१९७३ मध्ये ही व्यवस्था संपली. तिने शिकविलेली गोष्ट मात्र टिकून आहे: स्वस्त प्रवासाचे उरलेले मोल उतारू स्वतःच चुकवितो. येथे ते झोपेचे होते. तिकीट घेण्यापूर्वी तेवढे मोल मोजून पाहावे, म्हणजे पुढे हळहळ उरत नाही.